पाइनच्या लाकडाला चट्टे न पडता एकसारखा रंग कसा द्यायचा

मी परभणीत राहतो, सुतारकाम हा माझा धंदा नाही, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जे होतं तेवढं करतो. मुलगी पाचवीत गेली तेव्हा तिला अभ्यासाचं टेबल स्वतःच्या हातानं करून द्यायचं मनात होतं. वाळूज एमआयडीसीत मशिनरीच्या पेट्या येतात ना, त्या फोडलेल्या पेट्यांचं पाइन एका वखारीत स्वस्तात मिळालं, रंधा मारला तर आतून सुंदर पिवळसर लाकूड निघालं, टेबल उभं राहिलं, सगळे खूश. मग दुकानातून वॉलनट रंगाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणला आणि कापडानं सरळ चोळला. दहा मिनिटांत टेबलाचा वरचा भाग पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. गाठींच्या भोवती काळे चट्टे, मध्येच एक फिकट पट्टा, फळीच्या तोंडाला (आडव्या कापलेल्या टोकाला) तर डांबर फासल्यासारखं. पुसलं, घासलं, परत रंग मारला, प्रत्येक वेळी आणखी वाईट.

आमच्या गल्लीत एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी येऊन टेबलावर हात फिरवला आन म्हणाले, "सर, तहानलेल्याच्या तोंडाला तुम्ही एकदम तांब्याच लावला की. पहिले त्याची तहान मोडायची असती, मग रंग द्यायचा." ते वाक्य मला कळायला पुढचे तीन-चार महिने आणि बऱ्याच फळ्या गेल्या. आता कपाट, देव्हारा, दोन स्टूल, एक पाळणा एवढं करून झालंय आणि रंग एकसारखा येतो. नवीन कुणी करत असेल तर त्याची एक तरी फळी वाचावी म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

चट्टे कशामुळं पडतात

आपल्याकडं एकाच वावरात एक पट्टा मुरमाड आणि एक पट्टा काळ्या चिकण मातीचा असतो, पाणी सोडलं की मुरमात झपकन जिरतं आणि चिकणीवर तसंच थांबतं. लाकडाचं तसंच आहे. पाइनमध्ये झाड जोमानं वाढतं त्या दिवसांतला भाग मऊ आणि पोकळ असतो, वाढ मंदावल्यावरचा भाग घट्ट असतो, आणि हे दोन्ही पट्टे फळीवर शेजारी शेजारी येतात. गाठीजवळ रेषा वळतात त्यामुळं तिथं लाकडाच्या नळ्या वर तोंड करून उभ्या असतात आणि रंग खोलवर ओढतात. त्यात कुठं कुठं राळ भरलेली असते, तिथं रंग शिरतच नाही. म्हणजे चूक रंगाची नसते. रंग सगळीकडं सारखाच दिलेला असतो, लाकूड तो कमीजास्त पितं.

पाइनमध्ये अजून एक गंमत आहे, जो मऊ पट्टा आधी फिकट होता तोच जास्त रंग पिऊन गडद होतो आणि घट्ट गडद रेषा फिकट राहतात, म्हणजे फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं चित्र दिसतं. कुणाला आवडतंही ते, मला नाही आवडत.

पाइनशिवाय आंबा, पॉप्लर, बर्चचं प्लाय यांनाही हा त्रास होतो. आंब्याच्या लाकडात रेषा इकडून तिकडं फिरलेल्या असतात म्हणून तिथं ढगांसारखे चट्टे येतात. पट्ट्या जोडून केलेले तयार पाइन बोर्ड मिळतात त्यात तर प्रत्येक पट्टी वेगळ्या झाडाची, त्यामुळं शेजारच्या दोन पट्ट्या दोन रंगाच्या होतात. सागवानाला एवढे लाड लागत नाहीत, ते बऱ्यापैकी सारखं पितं.

काय काय लागतं

- चपडी लाख, ५० ग्रॅम (पेंटच्या चांगल्या दुकानात सुटी मिळते, पातळ पापुद्र्यासारखी आणि जेवढी फिकट रंगाची तेवढी चांगली)
- पॉलिशचं स्पिरिट, अर्धा लिटर
- पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि ३२० नंबर, आणि पेपर गुंडाळायला हातात बसेल असा लाकडाचा ठोकळा
- टर्पेंटाइनवर चालणारा ऑइल स्टेन किंवा जेल स्टेन (पुढं सांगतो का ते)
- जुन्या सुती बनियनचे, धोतराचे तुकडे, भरपूर, सिंथेटिक कापड नको
- दोन इंची मऊ ब्रश, झाकणाच्या काचेच्या बाटल्या दोन
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- हातमोजे, मास्क
- लोहचुंबक (पेटीचं लाकूड असेल तर)

मास्कला कंटाळा करू नका. आणि लाख, स्पिरिट, थिनर यांचं काम घरात, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ करू नका. स्पिरिटची वाफ लांबूनही पेट घेते.

१. लाकूड नीट बघून घ्या

पेटीचं लाकूड घेताना त्यावर भाजून किंवा छापून मारलेला शिक्का शोधा, गव्हाच्या लोंबीसारखी खूण असते आणि बाजूला अक्षरं असतात. एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते लाकूड घरातल्या वस्तूसाठी घेऊ नका, विशेषतः लहान मुलांच्या. शिक्काच नसेल आणि तेलाचे, केमिकलचे डाग असतील तर तेही सोडून द्या, स्वस्त असलं तरी.

चुंबक फिरवून तुटके खिळे शोधा, एक खिळा राहिला की रंध्याचं पातं गेलं. निळसर काळपट झाक असलेल्या फळ्या बुरशीच्या असतात, त्या रंग दिल्यावर आणखी उठून दिसतात म्हणून मागच्या बाजूला, तळाला वापरा. आणि लाकूड पावसात पडलेलं असेल तर सावलीत, मध्ये मध्ये पट्ट्या घालून, तीन-चार आठवडे रचून ठेवा. ओल्या लाकडाला काही केलं तरी रंग सारखा येत नाही.

२. घासणं, इथंच निम्मं काम होतं

आधी ८०, मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळू नका, ८०चे ओरखडे १८०नं जात नाहीत, आणि त्या ओरखड्यात रंग बसून काळ्या रेघा दिसतात. नेहमी रेषेच्या दिशेनं घासा, आडवं अजिबात नाही. मशीन वापरलं तरी शेवटचा १८० हातानं ठोकळ्यावर मारा, कारण मशीन गोल गोल वळणं सोडतं आणि ती कोरड्या लाकडावर दिसतच नाहीत.

मामांनी शिकवलेली युक्ती: फळीवर पेन्सिलनं हलक्या नागमोडी रेघा मारायच्या आणि त्या पूर्ण जाईपर्यंत घासायचं, मग पुढचा नंबर घेताना परत रेघा मारायच्या. ह्यामुळं कुठला कोपरा राहिला ते लगेच कळतं. मला आधी वाटायचं की आपण सगळीकडं सारखंच घासतो, पेन्सिलच्या रेघा मारल्यावर कळलं की कडेला मी कायम कमी घासत होतो.

मऊसूत करायच्या नादात वरच्या भागाला ३२०, ४०० पर्यंत जाऊ नका. लाकूड चकाकायला लागतं आणि रंग घेत नाही. झिजलेल्या पेपरनं एकाच जागी घासत बसलं तरी तेच होतं, तेवढाच भाग फिकट राहतो. फळीच्या तोंडाला मात्र उलटं, जिथं आडवी कापलेली असते तिथं ३२० पर्यंत घासायचं, म्हणजे ते कमी रंग पितं.

३. स्पिरिटनं पुसून बघा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. धूळ झटकल्यावर कापड स्पिरिटमध्ये ओलं करून सगळ्या लाकडावर फिरवा आणि मोबाइलची बॅटरी आडवी धरून बघा. पुढचा मिनिटभर लाकूड ओलं असतं तेवढ्यात ते तुम्हाला सगळं सांगून टाकतं. जिथं जास्त गडद दिसेल तिथं चट्टा पडणार. जिथं ओरखडे दिसतील तिथं परत घासायचं. आणि जिथं फिकट, थोडं चकचकीत ठिपकं दिसेल तिथं फेविकॉल सांडलेला असतो.

माझ्या दुसऱ्या कामात, कपाटाच्या दारावर, जोडाच्या बाजूला बरोबर माझ्या अंगठ्याच्या आकाराचा एक फिकट डाग आला होता. फेविकॉल लागलेल्या हातानं दार उचललं होतं, एवढंच. स्पिरिटनं पुसून बघितलं असतं तर तो दोन मिनिटांत निघाला असता. फेविकॉल बाहेर आला तर ओल्या कापडानं पुसत बसू नका, त्यानं तो पातळ होऊन आजूबाजूला लाकडात भरतो. अर्धवट सुकू द्या, रबरासारखा झाला की पटाशीनं उचलून काढा आणि मग घासा.

स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा, उन्हाळ्यात दहा मिनिटं, थंडीत अर्धा तास धरा.

४. तहान मोडायचा पातळ हात

आता मुख्य गोष्ट. रंगाच्या आधी लाखेचा अगदी पातळ हात द्यायचा, म्हणजे जो भाग जास्त पिणारा आहे तो आधी लाख पिऊन घेतो आणि मग रंग सगळीकडं जवळपास सारखा बसतो. सारवलेल्या अंगणात पाणी कसं एकदम जिरत नाही, तसं.

अर्धा लिटर स्पिरिटला ५० ग्रॅम चपडी. काचेच्या बाटलीत आधी चपडी बारीक कुटून टाका, वरून स्पिरिट ओता, झाकण लावून ठेवा आणि दिवसभरात चार-पाच वेळा हलवा. लोखंडी डब्यात भिजवू नका, लाख काळी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विरघळते. पण लगेच वापरू नका, दोन-चार दिवस न हलवता तशीच ठेवा. चपडीत मेण असतं ते हळूहळू खाली बसतं, वर पातळ चहासारखं स्वच्छ पाणी दिसतं आणि खाली गढूळ पिवळसर थर. वरचं तेवढं हळूच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या, कापडातून गाळून. पुढं वरून पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) मारणार असाल तर हे मेण काढलेलंच पाहिजे, नाहीतर पीयू पकडत नाही आणि काही महिन्यांनी सोलायला लागतो.

दोन गोष्टी तपासा. लाख जुनी असेल तर वाळत नाही, म्हणून एक थेंब काचेवर टाकून बघा, थोड्या वेळात कडक झाला पाहिजे, बोटाला चिकट लागला तर ती लाख फेकून द्या. आणि मेडिकलवरचं सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊ नका, त्यात पाणी आणि बाकी काय काय मिसळलेलं असतं, लाख पांढरी पडते.

ब्रशनं किंवा कापडाच्या बोळ्यानं, भरभर, रेषेच्या दिशेनं एक हात मारा. थांबायचं नाही, मागं वळून परत फिरवायचं नाही. फळीच्या तोंडाला आणि गाठींच्या भोवती, पहिला हात वाळल्यावर, आणखी एक हात द्या. तासभर वाळू द्या, मग ३२० नं अगदी हलक्या हातानं, पेपरचं वजन पडेल तेवढंच, घासा. लाकडावर चकाकी दिसत असेल तर लाख जास्त झाली, रंग धरणार नाही, अशा वेळी स्पिरिटच्या कापडानं पुसून थोडी उतरवता येते. नुसतं हाताला गुळगुळीत लागलं पाहिजे पण बघताना कोरडंच लाकूड दिसलं पाहिजे.

लाख ही बाहेरून आलेली वस्तू नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्यापासून ती मिळते, आणि पळस-बोर तर आपल्याच शिवारातली झाडं. कोपऱ्यावरच्या पेंटच्या दुकानात एवढा चांगला उपाय मिळत असताना बाहेरचे महागडे डबे मागवायची गरज नाही असं माझं मत आहे.

५. रंग निवडताना फसू नका

इथं माझं पूर्ण एक टेबल वाया गेलं म्हणून नीट वाचा.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे तुम्ही वरून स्पिरिटवर चालणारा रंग (पॉलिशवाले पुडीतला रंग स्पिरिटमध्ये कालवतात तो) चोळला तर खालची लाख परत विरघळते आणि सगळा राडा होतो. थिनरवर चालणारे स्टेनही लाखेला खातात. एका दुकानदारानं मला थिनरचा स्टेन ऑइलचा म्हणून दिला, मी डबा वाचला नाही, चोळायला लागलो आणि तिसऱ्या फटक्याला कापड चिकटायला लागलं, लाख गोळा होऊन बोळ्याला यायला लागली. डब्यावर पातळ करायला काय वापरायचं ते लिहिलेलं असतं, तेच वाचा, नाव वाचू नका. टर्पेंटाइन किंवा मिनरल टर्पेंटाइन लिहिलं असेल तर लाखेवर चालतो. पाणी लिहिलं असेल तरी चालतो, पण हलक्या हातानं. थिनर किंवा स्पिरिट लिहिलं असेल तर लाखेवर चोळू नका.

आता समजा घरात थिनरचाच स्टेन पडून आहे, तर काय करायचं? तर लाखेऐवजी पाण्यातला हात द्यायचा. पूर्वी सुतार सरस (जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक) पातळ करून मारायचे, मामा अजूनही कधी कधी मारतात, सरस भिजवून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचा आणि पाण्यासारखा पातळ करून गरम गरम लावायचा. सरस नसेल तर एक भाग फेविकॉलला दहा भाग पाणी. याला थिनर लवकर खात नाही. पण पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून रात्रभर वाळवून सकाळी ३२० नं हलकं घासावं लागतं.

सगळ्यात सोपं काय म्हणाल तर जेल स्टेन. तो घट्ट असतो, मलमासारखा, लाकडात फार शिरतच नाही, वरच बसतो. पहिलंच काम असेल, देव्हारा किंवा पेटीसारखी छोटी वस्तू असेल तर जेल स्टेन घ्या, लाखेचा पातळ हात आणि वर जेल, यात चूक व्हायला जागाच कमी राहते. छोट्या गावात लगेच मिळत नाही, संभाजीनगर-नांदेडहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो.

६. तुकड्यावर करून बघा, पूर्ण करून बघा

त्याच फळीचा उरलेला तुकडा घ्या, दुसऱ्या लाकडाचा नाही. त्याला तेवढंच घासा, तीच लाख, तोच रंग, आणि वरून तेच पॉलिश मारा. शेवटच्या पॉलिशपर्यंत गेल्याशिवाय रंग कळत नाही. स्टेन वाळला की निस्तेज, राखाडी दिसतो आणि माणूस घाबरून आणखी एक हात मारतो, मग वरून पॉलिश चढवल्यावर तो दुप्पट गडद होतो. ओली फरशी आणि कोरडी फरशी यात जेवढा फरक असतो तेवढा.

मी एका लांब तुकड्यावर चार खाने पाडतो: काही न लावलेलं, लाखेचा एक हात, दोन हात, आणि सरसाचा हात. चारींवर एकच रंग. मागं पेन्सिलनं प्रमाण लिहून ठेवतो. असे तुकडे माझ्याकडं एका खोक्यात जमलेत, पुढच्या कामाला तेच कामाला येतात.

७. रंग द्यायचा दिवस आणि वेळ

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास जातो आणि दुपारी कोरडं वारं असतं. अशात गच्चीवर रंग द्यायला घेतला तर पहिला पट्टा वाळतो तोवर दुसरा पट्टा लावायचा असतो, आणि जिथं दोन पट्टे एकमेकांवर चढतात तिथं गडद काठ उमटतो. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ, सावलीत, आणि लाकूडही रात्रभर सावलीत ठेवलेलं हवं, तापलेल्या फळीवर काहीच नीट पसरत नाही. पावसाळ्यात उलटा त्रास, दमट हवेत लाख आणि एनसी (नायट्रोसेल्युलोजचं) पॉलिश पांढरट पडतं. झडीच्या दिवसात हात लावू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, ऊन वर आल्यावर, हा काळ सगळ्यात चांगला.

पाण्याचा स्टेन असेल तर बोअरचं पाणी वापरू नका. क्षार पांढरे उमटतात, आणि पाण्यात लोह असेल तर बाभळीसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडावर निळेकाळे डाग पडतात जे परत जात नाहीत. फिल्टरचं पाणी घ्या. त्याच कारणानं ओल्या लाकडावर लोखंडी काथ्यानं घासू नका.

८. रंग लावणं

डबा तळापासून ढवळा, रंगाचे कण खाली बसलेले असतात. वरचं वरचं वापरलं तर पहिली फळी फिकट आणि शेवटची गडद.

एका वेळी एकच भाग घ्या, टेबलाचा वरचा भाग पूर्ण, मग एक पाय, मग दुसरा. अर्धा भाग करून चहाला जाऊ नका. कापडानं गोल गोल फिरवत भरपूर लावा, मग दोन-तीन मिनिटांत कोरड्या कापडानं रेषेच्या दिशेनं पुसून काढा. कापड ओलं झालं की बदला. फळीच्या तोंडाला लावलं की लगेच पुसा, तिथं वाट बघायची नाही. कोपऱ्यात, जोडाच्या खाचेत साचलेला रंग कोरड्या ब्रशनं ओढून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी ओघळतो.

गडद हवा असेल तर एकदम जाड थर देऊ नका, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्या. ऑइल स्टेनला २४ तास, दमट हवेत ४८. लाख दिल्यामुळं रंग थोडा फिकट येणारच, म्हणून हव्या असलेल्या रंगापेक्षा एक छटा गडद स्टेन घेतलेला बरा.

९. कापडाचे बोळे, हे विसरू नका

ऑइल स्टेनचे किंवा जवसाच्या तेलाचे कापड गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, आणि कापडाचा ढीग असेल तर ती उष्णता आत कोंडून काडी न लावता पेट घेतो. आपल्या उन्हाळ्यात तर आणखी धोका. बोळे एकेक सुटे करून बाहेर तारेवर किंवा जमिनीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. काही जण चटणीच्या जवसाचं कच्चं तेल लाकडाला लावतात, ते लावलं तर कितीतरी दिवस चिकट राहतं आणि धूळ धरतं, वरून पॉलिश द्यायचं असेल तर नका लावू.

१०. वरचं पॉलिश

रंग पूर्ण वाळल्यावर लाखेचा आणखी एक पातळ हात द्या, म्हणजे रंग बंद होतो. (स्टेन ऑइलचा असेल तरच, स्पिरिटचा असेल तर तो उचलतो.) बोळ्यानं चोळू नका, मऊ ब्रशनं एकदा ओढून सोडा. मग तुमच्या आवडीचं पॉलिश. अभ्यासाच्या टेबलाला मी पीयू देतो, पाणी आणि ओरखडे सोसतो. देव्हाऱ्याला लाखेचंच पॉलिश बरं दिसतं, खराब झालं तरी वरून परत हात देता येतो, फक्त समईची आच लाकडाला लागू देऊ नका, लाख मऊ पडते. मेलामाइन (हार्डनर मिसळून वापरायचं पॉलिश) घेत असाल तर लागेल तेवढंच मिसळा, उन्हात ते भांड्यातच घट्ट व्हायला लागतं, आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबतो म्हणून मोकळ्या जागेत करा.

पॉलिशच्या प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० नं हलकं घासायचं, पण पहिल्या हातानंतर कडा घासू नका. कडेवर थर पातळ असतो, दोन फटक्यात रंग निघतो आणि पांढरी रेघ दिसते. माझ्या पहिल्या स्टूलच्या चारी कडा अशाच गेल्या होत्या.

चट्टे पडूनच गेले असतील तर

स्टेन चोळून काढायचा प्रयत्न करू नका, त्यानं लाकूड आणखी पितं. रंग खोल गेलेला असतो, पॉलिश पेपरनं घासून घासून वैताग येतो पण चट्टा राहतोच. वस्तू अजून जोडलेली नसेल तर रंधा मारून वरचा थर काढणं सगळ्यात चांगलं.

जोडलेली असेल तर चट्ट्यांना लाखेखाली बंद करा आणि रंग वरच्या थरात द्या. म्हणजे असं: आधी लाखेचे दोन पातळ हात, चांगले वाळू द्यायचे. मग त्यावर जेल स्टेन पातळ लावून हलकाच पुसायचा, पूर्ण काढायचा नाही, फिकट भागावर थोडा जास्त ठेवायचा. आता तो लाकडात जाऊ शकत नाही, आवडला नाही तर टर्पेंटाइनच्या कापडानं लगेच पुसून परत करता येतो. वाळायला मात्र दोन-तीन दिवस द्या. दुसरा मार्ग म्हणजे पॉलिशमध्येच थोडा रंग मिसळून स्प्रे गननं तीन-चार पातळ हात, कॉम्प्रेसर असलेल्या पेंटरकडून करून घेता येतं. दोन्हीत शेवटचा रंग आधीपेक्षा गडद होतो, फिकट करता येत नाही, हे मनाशी धरून ठेवा.

मुलीचं पहिलं टेबल मी शेवटी असंच वाचवलं. जेल स्टेनचे दोन हात, वर पीयू. मूळ ठरवला होता त्यापेक्षा बराच गडद झालाय, पण एकसारखा आहे, फक्त उजव्या कोपऱ्यात गाठीजवळ तेवढं अजून दिसतं, तिथं तिनं कंपास पेटी ठेवायची जागा केलीये.

आणि पॉलिश वरून वाळलं म्हणून लगेच वापरायला काढू नका. पीयू आतून कडक व्हायला आठवडाभर तरी द्या, तोपर्यंत वर प्लास्टिक अंथरू नका, गरम चहाचा कप, ओली पाण्याची बाटली ठेवू नका, वर्तमानपत्र तर अजिबात नाही, शाई चिकटते.